नदीपलीकडे ऐकू जाणारा स्पीकर

गिटार मला येते, असं मी कुणाला सांगायला लागलो की आमचा दादा शेजारून हळूच पुस्ती जोडायचा, "येते म्हणजे धरता येते." लोक हसायचे. मीही हसायचो. एक तर दादा मोठा, आणि दुसरं म्हणजे त्याचं फारसं चुकत नव्हतं. चार-पाच कॉर्ड, दोन ठेके आणि पोतंभर आत्मविश्वास एवढ्या भांडवलावर मी नाशकात आणि आसपासच्या गावांत कितीतरी वर्षं कलाकार म्हणून मिरवलो. मान तिरकी करून डोळे मिटायचो, तेव्हा समोरच्याला वाटायचं काहीतरी अवघड चाललंय. खरं म्हणजे पुढचा कॉर्ड कुठला ते आठवत असायचो.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. मेथी, कोथिंबीर, आणि सणांच्या आगेमागे झेंडू-शेवंती. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. मळा दादा बघायचा. मी सातपूरला एका कंपनीत स्टोअरला होतो, म्हणजे खिडकीतून नट-बोल्ट मोजून देत होतो. पण घरात मशिनरीतलं कळणारा मी एकटाच, अशी माझी समजूत होती. ती कुणी मोडली नाही, कारण मोडायला वेळ कुणाला होता?

वहिनी पंचवटीतल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन आमच्याकडे आल्या, त्याआधी बरीच वर्षं क्लासला जाऊन पेटी शिकलेल्या. पहिल्या दिवाळसणाला त्यांच्या वडिलांनी कीबोर्ड दिला. आमच्या भाऊबंदांत असल्या वेळी अंगठी देतात, घड्याळ देतात, फार तर मिक्सर. कीबोर्ड बघून आईने विचारलं, की हा कुठे ठेवायचा. तो शिवणाच्या मशीनवर ठेवला गेला आणि तिथेच राहिला. दुपारी मेथीच्या जुड्या बांधून झाल्या, हात धुतले, की वहिनी घटकाभर तिथे बसायच्या. कीबोर्डला दोन्ही कडांना जाळीमागे वाटीएवढे दोन स्पीकर होते. त्यातून येणारा आवाज ओसरीपर्यंत जायचा, फार तर गोठ्यापर्यंत. मी त्याला डबड्यातला आवाज म्हणायचो. वहिनी म्हणायच्या, असू दे, मला मी ऐकू येते.

पुढे मी गिटार आणली आणि आमची जोडी जमली. दीर-भावजय म्हणून लोकांना कौतुक. हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग, असल्या ठिकाणी आम्ही जायचो. स्पीकर मंडपवाल्याचा. मी पुढे उभा, वहिनी मागे खुर्चीवर, पदर खोचून. लोक येऊन मला सांगायचे, छान वाजवलं. वहिनी मागे काय वाजवत होत्या हे मला सांगता आलं नसतं, कारण माझ्या गिटारीपलीकडचं मला काही ऐकूच यायचं नाही. मला वाटायचं, जोडी म्हणजे अशीच असते.

दोन हजार साल उलटून गेल्यावर गंगापूर रोडला, धरणाच्या बाजूने, नवी नवी हॉटेलं निघायला लागली. द्राक्षांच्या बागा बघत जेवायचं, ही कल्पना आम्हाला फार विनोदी वाटायची. आम्ही जन्मभर कोथिंबिरीचे वाफे बघत जेवलो, कुणी बिल लावलं नाही. तर अशाच एका हॉटेलची मालकीणबाई वहिनींची क्लासमधली मैत्रीण निघाली. तिने विचारलं, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे वाजवशील का? आधी एक शनिवार बघू. जमलं तर दर शनिवारी. गिटारवाले दीर असतील तर त्यांनाही आण. स्पीकर मात्र तुमचा तुम्ही आणायचा, आमच्याकडे नाही.

वहिनींना तो शनिवार हवा होता. त्यांनी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा आई म्हणेल ती. पण हे त्यांनी मागितलं. जेवताना सगळ्यांसमोर, ताटाकडे बघत, पण एकेक शब्द नीट उच्चारून. म्हणाल्या, मला दर आठवड्याला चार माणसांपुढे वाजवायचंय, इतकी वर्षं शिकले ते मशीनवर संपायला नको. दादाने भाकरी पुढे ओढली. तो असल्या वेळी भाकरीचा तुकडा फार काळजीने मोडतो. सून हॉटेलात वाजवणार, भाऊबंद काय म्हणतील, हे आईच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "एक शनिवार जा. मीही येते. लोकांनी ऐकलं तर ऐकलं. नाही ऐकलं, तर परत हा विषय घरात नको."

म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर. आणि ती संध्याकाळ स्पीकरवर. आणि स्पीकर, अर्थातच, माझ्यावर.

मी एवढा खूश झालो की मला झोप लागेना. मेनरोडपासून द्वारका चौकापर्यंत जिथे म्हणून स्पीकर मिळत होते तिथली माहितीपत्रकं मी गोळा केली. कंपनीत स्टोअरच्या खिडकीत बसून वाचायचो. समोर माणूस वॉशर मागत उभा, आणि मी त्याला सांगतोय की आता अँप्लिफायर वेगळा घ्यायचे दिवस गेले, आता तो खोक्याच्या आतच असतो, त्याला पॉवर्ड स्पीकर म्हणतात. तो म्हणायचा, बरं, वॉशर द्या. घरी आलो की दादापुढे वाचन. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, किती एचपीचा आहे?

मी हसायला हवं होतं. पण मी त्याला वॅटचं एचपी करून सांगितलं. तिथेच गाडी घसरली. कारण मग दादाने स्पीकरचा विचार पंपासारखा सुरू केला आणि मलाही तो पटत गेला. आमच्याकडे मोटार घेताना ती दिसते कशी, चालते किती गुपचूप, हे कुणी बघत नाही. पाणी किती लांब फेकते ते बघतात. फवारणीचा पंप घेतानाही नळी लांब धरून बघतात. दादा म्हणाला, तसंच आवाजाचं. फेक किती आहे ते बघ. मला वाटलं, इतक्या माहितीपत्रकांत जे सापडलं नाही ते दादाने एका वाक्यात सांगितलं.

दुकानात दादा, वहिनी आणि मी, तिघंही गेलो. दुकानदाराने तबल्याची सीडी लावली. तबला असा वाजला की वरच्या फळीवरचे टेपरेकॉर्डर थरथरले. मी मान डोलावली. डोळेही मिटले. वहिनी तोवर खोक्याच्या मागच्या बाजूला गेल्या होत्या. तिथे वायर घालायची जागा एकच होती. त्याच्या शेजारच्या, जरा लहान स्पीकरला दोन होत्या, आणि प्रत्येकीला आपापलं बटण. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, आपल्याला दोन वायरी लागतील ना?"

मी म्हटलं, जोडून घेऊ. कंपनीत असले जोड मी हाताने करतो. दोन वायरींची एक करून एकाच ठिकाणी घालायची, त्यात काय. दोन जागांचा स्पीकर वॅटमध्ये कमी होता आणि उचलायला हलका होता. हलका माल चांगला असतो यावर आमच्या घराण्यात कुणाचा विश्वास नाही. दुकानदार दादाकडून दसऱ्याला झेंडू घ्यायचा, म्हणून त्याने चार दिवस वापरून बघायला मोठा स्पीकर देऊन टाकला.

बघायचा कुठे, तर सायखेड्याला. तिथे आमचे मामा, आणि मामांचं शेत अगदी गोदावरीच्या काठाला. काठावर मोटारीची खोली, तिथे लाइट. त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट होती म्हणून रविवारी सकाळीच टेम्पोत स्पीकर, गिटार, कीबोर्ड आणि आम्ही तिघं निघालो. योजना दादाची. मामांनी पुलावरून पलीकडच्या काठाला जायचं, आम्ही अलीकडून वाजवायचं, आणि ऐकू आलं तर मामांनी टॉवेल हलवायचा. पंप-मोटारींतला माणूस मी नाही, मी कलाकार. पण त्या योजनेत मला काही वावगं दिसलं नाही. उलट, इतका शास्त्रीय विचार दुकानात कुणी करत नाही, असं मी वहिनींना ऐकवलं.

मामा पलीकडे पोचले. बोटाएवढे दिसत होते. मी खटका दाबला. स्पीकर आधी घसा खाकरल्यासारखा घरघरला. मग मी जो पहिला कॉर्ड मारला, त्याने नदीवरचे बगळे उठले. माझ्या आयुष्यात माझ्या हातून एवढा मोठा आवाज कधी निघाला नव्हता. पायाखालचा काठ हलत होता. मी जे सुटलो ते सुटलो. आणि पलीकडे मामा टॉवेल हलवायला लागले. साधा नव्हे. डोक्यावर गरागरा, दोन्ही हातांनी, मध्येच पळत, मध्येच उड्या मारत. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आणखी वाढवला.

मामा परत आले ते घामाघूम, चिखलात गुडघ्यापर्यंत. म्हणाले, "आरं, म्हस सुटली व्हती! पलीकडल्याची गाभण म्हस बुजली, दावं तोडून पाण्यात शिरली. बंद करा म्हणून वरडतोय मी, तुमी लय जोरात."

कुणालाही वाटेल, इथे आम्ही शहाणे झालो. छे. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे बघितलं, आणि दादा म्हणाला, नदीपलीकडची म्हैस बुजते म्हणजे हाच घ्यायचा. मामांनीसुद्धा मान्य केलं, की फेक हाय.

चहा घेताना वहिनींनी मामांना विचारलं, "मामा, आणि कीबोर्ड ऐकू आला का?"

मामांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "आँ? पेटी बी वाजत व्हती का?"

वहिनी पूर्ण वेळ वाजवत होत्या. मी जोडून दिलेल्या वायरीतून. त्या हसल्या आणि म्हणाल्या, थोडी थोडी वाजत होती. परतीच्या वाटेवर त्या टेम्पोत मागे, कीबोर्ड मांडीवर घेऊन बसल्या. मी पुढे दादाला म्हशीची गोष्ट पुन्हा सांगत होतो. दादा तिथेच होता, तरी सांगत होतो.

स्पीकर घरी आला. आईने त्याची पूजा केली. आमच्याकडे ट्रॅक्टर आला तरी करतात, फवारणीचा पंप आला तरी करतात. जाळीच्या बरोबर मध्यावर कुंकवाचं स्वस्तिक, वर हळदीची बोटं, पुढ्यात नारळ. मी आईला म्हटलं, ती जाळी नाजूक असते. आई म्हणाली, मग त्याला जास्त गरज आहे.

तो शनिवार आला. आम्ही चौघं टेम्पोतून हॉटेलच्या दारात उतरलो तेव्हा दरवानाला वाटलं भाजी आली. त्याने हात करून मागचं दार दाखवलं. आत मंद दिवे, पांढरे टेबलक्लॉथ, आणि काचेच्या भिंतीपलीकडे द्राक्षबाग. माणसं कमी आणि हळू बोलणारी. खोली मोठी नव्हती. आमच्या ओसरीच्या दुप्पट असेल. त्या खोलीत आमचा नदीपलीकडचा स्पीकर, छातीवर स्वस्तिक घेऊन, कोपऱ्यात असा उभा राहिला की वेटर वळसा घालून जायला लागले. आई नि दादा भिंतीकडेच्या टेबलावर बसले. आईने मेनूकार्ड मिटूनच ठेवलं होतं. वहिनींनी त्या दिवशी स्वतः निवडलेली साडी नेसली होती, मोरपंखी. मी खटका दाबला.

धप्प आवाज झाला आणि एका बाईंच्या हातातलं सूप सांडलं.

मग घरघर. नदीकाठी ती वाऱ्यात विरून गेली होती. इथे पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटत होतं. मी आवाज कमी केला. अगदी कमी केला तर नुसती घरघर उरायची. केसभर वाढवला की गिटार अंगावर यायची. त्यांच्या मधलं काही त्या खोक्यात नव्हतंच. ते भरलंच नव्हतं कुणी. मी घाबरलो. घाबरलो की मी जोरात वाजवतो, हा माझा जुना स्वभाव. पहिल्या गाण्याच्या पहिल्या कडव्याला एक जोडपं ताट घेऊन लांबच्या टेबलावर गेलं. दुसऱ्या कडव्याला एक पोर रडायला लागलं. वहिनींची बोटं पट्ट्यांवर चालताना दिसत होती, पण त्यांच्यातून काहीएक बाहेर येत नव्हतं. एकाच वायरीत दोघं कोंबलेले, त्यात मी दांडगा. मालकीणबाई काउंटरवरून तळहात खाली खाली करून दाखवत होत्या. मी बटण फिरवलं ते नेमकं उलट्या बाजूला.

आईकडे बघितलं. तिने पदर नीट करून पिशवी मांडीवर घेतली होती. आई निघायच्या आधी पिशवी मांडीवर घेते. वहिनींचा शनिवार माझ्या हातून चालला होता, सगळ्यांसमोर, आणि मला कॉर्डसुद्धा आठवत नव्हता.

वहिनींनी आईची पिशवी बघितली असणार. त्या उठल्या. माझ्या समोरून स्पीकरच्या मागे गेल्या आणि खटका बंद केला. पुन्हा धप्प. मग त्यांनी कीबोर्डची वायर उपटून काढली, ती नीट गुंडाळून स्पीकरवर ठेवली आणि खुर्चीवर येऊन बसल्या. खोलीत काटे-चमच्यांचे आवाज तेवढे राहिले. मला त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, काखेत कळसा नि गावाला वळसा. बसा आता."

आणि त्या वाजवायला लागल्या. त्या वाटीएवढ्या दोन स्पीकरांतून, डबड्यातल्या आवाजात, दुपारी शिवणाच्या मशीनवर वाजवायच्या तसंच. मी गिटार मांडीवर घेऊन शेजारी बसलो. वायरीशिवाय तीही हळूच वाजते, हे मी विसरून गेलो होतो. दोन गाणी मी जपून साथ केली. तिसऱ्याला माझे हात थांबले. मला पहिल्यांदा ऐकू येत होतं. उजवा हात गाणं सांगत होता आणि डावा हात खालून त्याला अशा गोष्टी विचारत होता की मी तोंड उघडं टाकून ऐकत बसलो. बारा-पंधरा कार्यक्रमांत नव्हे, इतक्या सगळ्या वर्षांत मी या बाईंच्या पुढे उभा राहून ठणाणा करत होतो, आणि मागे हे चाललं होतं! मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम. कुठलं जास्त ते अजून ठरलेलं नाही.

लांब गेलेलं जोडपं परत जवळच्या टेबलावर आलं. एक म्हातारे गृहस्थ जेवण थांबवून, हात पुसून बसले आणि संपल्यावर त्यांनी तेच गाणं परत मागितलं. आईने पिशवी खाली ठेवली होती. निघताना ती मालकीणबाईंना म्हणाली, की इतकी वर्षं घरात ऐकते, पण आज नीट ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. आणि तुला तर अंगणसुद्धा नदीएवढं लागतं."

पुढच्या आठवड्यात हॉटेलमधून फोन आला. मीच घेतला. मालकीणबाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं, की दर शनिवारी नक्की. फक्त कीबोर्ड आणा. तो मोठा डबा नको. आणि थोडं थांबून म्हणाल्या, गिटारचंही सध्या राहू द्या.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, हे त्याहून वाईट वाटलं. पण शनिवारी कीबोर्ड उचलून न्यायला माणूस लागतो. दादाला शनिवारी रविवारच्या बाजाराची भाजी काढायची असायची. मग मीच जायचो. कीबोर्ड लावून द्यायचो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, वेटर बसतात त्या टेबलावर बसायचो. ते मला मसाला पापड द्यायचे. कुणी विचारलं की हे कोण, तर सांगायचे, मॅडमचे साउंडवाले. माझं सगळं साउंड म्हणजे एक प्लग होता. तो मी फार मनापासून लावायचो.

स्पीकर दुकानदाराने परत घेतला नाही. जाळीत कुंकू गेलं होतं आणि ते कितीही झटकलं तरी निघेना. शेवटी मामांनी नेला. त्यांच्या बागेत द्राक्षं गोड व्हायला लागली की साळुंक्या मणी फोडतात. मामा पत्र्याचा डबा बडवून बडवून थकले होते. त्यांनी टेपरेकॉर्डर जोडून माझ्याच एका कार्यक्रमाची कॅसेट लावली आणि स्पीकर बागेच्या बांधाला ठेवला. मामांनी निरोप धाडला, की पाखरं उठली, लय उपयोग झाला. मला नाही म्हटलं तरी अभिमान वाटला. पंधरवड्याने गेलो तर साळुंक्या स्पीकरच्याच डोक्यावर बसून मणी खात होत्या, आणि आत मी वाजत होतो.

अशी दोन-तीन वर्षं गेली. हॉटेलने गच्चीवर टेबलं मांडली. उघड्यावर कीबोर्डचा आवाज पोचेना, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या की आता एक छोटासा स्पीकर बघा. वहिनी मला म्हणाल्या, भाऊजी, येता का? निवडायचं माझं मी बघते, तुम्ही उचलायला.

दुकान तेच. दुकानदाराने तबल्याची सीडी काढली. वहिनी म्हणाल्या, ती नको. त्यांनी स्वतःचा कीबोर्ड जोडायला लावला, एकच पट्टी धरली, अगदी हळू, आणि दुकानदाराला सांगितलं, तुम्ही बोलत राहा. काय बोलू, त्याने विचारलं. काहीही, त्या म्हणाल्या, जेवताना माणसं बोलतात तसं. तो बिचारा मुलाच्या अ‍ॅडमिशनबद्दल बोलत राहिला, वहिनी वाजवत राहिल्या, मध्येच गप्प बसून घरघर ऐकत राहिल्या. असे तीन स्पीकर झाले. मी वॅट म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

एक पसंत पडला. हलका, एका हाताने उचलता येईल असा. वहिनी मागे गेल्या आणि वाकून बघायला लागल्या. वायर घालायची जागा एकच होती. त्यांनी विचारलं, यातच दोन वायरींचा मिळेल का? दुकानदार म्हणाला, मिळेल, पण जरा जड येतो, आणि मॅडम, तुमचा तर एकच कीबोर्ड. तुम्हाला दुसरी कशाला?

वहिनी सरळ झाल्या. पदर खांद्यावर घेतला.

"दुसरी भाऊजींच्या गिटारची," त्या म्हणाल्या. "गच्चीवर गिटार चालेल, मी विचारून ठेवलंय."

मी तिकडच्या फळीवरचे माइक बघायला लागलो. माइकमध्ये बघण्यासारखं काही नसतं. दुकानदाराने दोन वायरींचा स्पीकर काढून आणला आणि दोन्ही बटणं मला दाखवायला लागला, हे कीबोर्डचं, हे गिटारचं. वहिनींनी तो स्पीकर अलगद आपल्याकडे वळवला. म्हणाल्या, मला दाखवा. गिटारचं बटण माझ्या हाताशी राहील.

ते बटण अजून त्यांच्याच हाताशी आहे. मी जपून वाजवतो, आणि एखाद्या शनिवारी, गाणं चांगलं जमलेलं असताना, वहिनी माझ्याकडे न बघता ते केसभर वाढवतात.